केस पेपर रुग्णाच्या हाती हवा

महाराष्ट्रात एखाद्या रुग्णालयात कोणाचा अकाली मृत्यू झाला की पुढच्या आठवड्यात कोण काय बोलणार, हे आता आधीच सांगता येते. नातेवाइकांची बाजू घेणारे 'डॉक्टर लुटारू झाले' म्हणतात, डॉक्टरांच्या संघटना 'या वातावरणात व्यवसायच करता येत नाही' म्हणतात, पुढारी कॅमेऱ्यांसह रुग्णालयाच्या दारात पोहोचतात आणि चौकशी समिती नेमली गेली की प्रकरण थंडावते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावल्याची बातमी आली, तेव्हा एका खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर रुग्णालयाने केलेल्या अनामत रकमेच्या मागणीवरून तोडफोड झाली, शाई फेकली गेली. त्याच प्रकरणात रुग्णालयाच्या अंतर्गत अहवालातून रुग्णाची खासगी वैद्यकीय माहिती बाहेर आली आणि राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षांनी त्यावर आक्षेप घेतला. या शेवटच्या गोष्टीकडे फारसे कोणी थांबून पाहिले नाही. रुग्णाचा कागद रुग्णाला मागून मिळत नाही, मात्र संस्थेला स्वतःचा बचाव करायचा असतो तेव्हा तो लगेच बोलू लागतो. सारा घोळ इथे आहे.

माझे म्हणणे असे आहे की, वैद्यकीय निष्काळजीपणापासून रुग्णाला जे काही संरक्षण मिळू शकते, त्याचा मोठा भाग उपचार चालू असतानाच्या नोंदींमध्ये आणि त्या नोंदी रुग्णाला वाचता येण्यामध्ये आहे. मृत्यूनंतरचा मोर्चा, पोलिसातली फिर्याद, ग्राहक आयोगातला दावा या सगळ्या नंतरच्या गोष्टी आहेत. त्यातल्या काही आवश्यक आहेत, काही निव्वळ घातक आहेत, पण रुग्णाला वाचवण्याचे काम त्यांच्याकडून होत नाही. आपल्याकडचा वाद मात्र जवळजवळ संपूर्णपणे या नंतरच्या गोष्टींवर चालतो. डॉक्टरला शिक्षा व्हावी की होऊ नये, एवढाच प्रश्न दोन्ही बाजूंना दिसतो.

डॉक्टरांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मान्य केला पाहिजे. रुग्ण दगावणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव निष्णात हातांतही आटोक्याबाहेर जातो, भुलेला शरीर कसा प्रतिसाद देईल याची पूर्ण खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि दोन डॉक्टरांची उपचारपद्धती वेगळी असली म्हणून त्यातला एक दोषी ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात हेच सांगितले: फौजदारी गुन्हा ठरण्यासाठी चूक ढोबळ स्वरूपाची असली पाहिजे, आणि डॉक्टरवर कारवाई करण्यापूर्वी तपास अधिकाऱ्याने दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचे स्वतंत्र मत घेतले पाहिजे. हा निकाल डॉक्टरांचे लाड करणारा आहे असे म्हणणाऱ्यांनी मार्च २०१७ चे धुळे आठवावे. डोक्याला मार लागलेल्या रुग्णासाठी मेंदूचा शल्यचिकित्सक इथे उपलब्ध नाही, त्याला दुसरीकडे न्या, असे सांगणाऱ्या निवासी डॉक्टरला जमावाने इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्या डॉक्टरने खोटे सांगितले नव्हते. व्यवस्थेतली उणीव त्याने खरेपणाने बोलून दाखवली आणि तिची किंमत त्यानेच मोजली. २०२२ मध्ये राजस्थानातल्या दौशात प्रसूतीनंतरच्या मृत्यूवरून एका स्त्रीरोगतज्ज्ञ महिलेवर थेट खुनाचा गुन्हा नोंदवला गेला आणि तिने आयुष्य संपवले. डॉक्टरांवरील हिंसक कृत्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तरी हल्ले थांबलेले नाहीत. तेव्हा डॉक्टरांची भीती कल्पनेतली आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल.

दुसरा मुद्दा याहून अवघड आहे, आणि तो 'रुग्णांनो, जागरूक व्हा' असे सांगणाऱ्या माझ्यासारख्यांच्या विरोधात जातो. जागरूकतेने खरोखर कोणी वाचते का? आपल्या देशातल्या वैद्यकीय निष्काळजीपणाच्या कायद्याचा एक पाया ज्या खटल्यावर उभा आहे, तो कोकणात सुरू झालेला आहे. ६ मे १९५३ रोजी सूर्यास्ताच्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. गावातल्या डॉक्टरांनी पाय फळ्यांनी बांधला आणि पुढे टॅक्सीतून सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्याला आणले. हे डॉक्टर सोबत होते. मुलाचे वडील स्वतः दौंडला वैद्यकीय व्यवसाय करणारे, तेही पुण्यात येऊन पोहोचले. म्हणजे दोन डॉक्टर पाठीशी असलेला हा रुग्ण. तरीही ज्या रुग्णालयात त्याला दाखल केले, तिथे पुरेशी भूल न देता, माणसांकडून जोर लावून हाड बसवण्यात आले आणि ९ मेच्या रात्री तो मरण पावला. 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले' या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६८ मध्ये निष्काळजीपणावर शिक्कामोर्तब झाले. नुकसानभरपाई ३,००० रुपये. रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना, अशा तीन टप्प्यांवर डॉक्टरवर काळजी घेण्याचे कर्तव्य असते, हे तत्त्व या निकालाने दिले. पण वडील डॉक्टर असूनही मुलगा गेला, हे सत्य उरतेच. कुणाल साहा यांचेही तेच. पत्नीवर १९९८ मध्ये कोलकात्यात स्टिरॉइडचा अतिरेकी मारा झाला, मुंबईत तिचा मृत्यू झाला, आणि स्वतः डॉक्टर असलेल्या या पतीला सुमारे सहा कोटींच्या भरपाईसाठी २०१३ पर्यंत झगडावे लागले. जिथे डॉक्टर नातेवाईक हतबल ठरतात, तिथे उदगीरच्या किंवा जव्हारच्या माणसाला 'प्रश्न विचारा' असे सांगणे म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणे नाही काय?

हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. एकट्या रुग्णाची सावधगिरी संपूर्ण व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही. जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल देण्यात आलेले १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन मेले, कारण त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होते. खाटेवरच्या रुग्णाने कितीही प्रश्न विचारले असते तरी बाटलीतले विष त्याला दिसले नसते. डॉक्टरांनाही दिसले नाही. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदी करणाऱ्यांपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि तिथून मंत्रालयापर्यंत सगळी साखळी उघडी केली. त्याला चार दशके झाली, आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधात तेच रसायन निघाले, मुले मेली, त्यांपैकी काहींनी नागपूरच्या रुग्णालयांत शेवटचा श्वास घेतला. अटक आधी झाली ती औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला. कारखानदाराचा नंबर नंतर लागला. ही आपली जुनी खोड आहे: जो समोर सापडतो त्याला धरायचे. पण याच उदाहरणात माझ्या म्हणण्याचा दुसरा निम्मा भागही आहे. विषारी औषधाचा माग लागतो तो कोणाला, किती वाजता, कोणत्या बॅचचे औषध दिले गेले याच्या नोंदीवरून. नोंद नसेल तर चौदा मृत्यू हे चौदा सुटे दुर्दैवी मृत्यू ठरतात. कागद हे रुग्णाचे चिलखत नव्हे हे खरे. पण कागदाशिवाय चूक झाली हे कळण्याचीच शक्यता उरत नाही, आणि जी चूक कळत नाही ती पुढच्या खाटेवर पुन्हा होते.

आता डॉक्टरांच्या बाजूचा तिसरा युक्तिवाद. रोजची नोंद रुग्णाच्या हाती दिली तर नातेवाईक प्रत्येक आकड्याचा इंटरनेटवर शोध घेतील, प्रत्येक राउंडला जाब विचारतील, आणि डॉक्टर स्वतःचा बचाव करण्यासाठी गरज नसलेल्या तपासण्या लिहितील, अवघड रुग्ण घेणारच नाहीत, असे म्हटले जाते. यातली शेवटची गोष्ट तालुक्याच्या गावांत आजच घडते आहे. नवरा-बायको दोघे मिळून चालवत असलेले दहा खाटांचे रुग्णालय गुंतागुंतीची प्रसूती आता थेट जिल्ह्याला पाठवते आणि वाटेतला वेळ रुग्णाच्या जिवावर बेततो. पण या बचावात्मक उपचारांचे कारण नोंदींची पारदर्शकता आहे का? माझ्या मते ते कारण अनिश्चितता आहे. उद्या जमाव येईल की नाही, पोलीस कोणते कलम लावतील, हे डॉक्टरला ठाऊक नसते. दर चार तासांनी काय घडले, धोक्याची कल्पना कोणाला कधी दिली, नातेवाइकांनी कोणता पर्याय निवडला, हे सर्व त्या त्या वेळी लिहिलेले आणि समोरच्यांनी वाचलेले असेल, तर जमावातल्या चार शहाण्यांच्या हाती काहीतरी असते. ज्याच्या नोंदी आधीपासून रुग्णाने पाहिल्या आहेत, त्याच्यावर 'मागाहून कागद रंगवले' असा आरोपही करता येत नाही. प्रामाणिक डॉक्टरचा याहून स्वस्त विमा मला तरी दिसत नाही.

शिवाय रुग्णाला प्रक्रियेत सामील केल्याने काम बिघडते, हे गृहीतकच चुकीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक साधी तपासणी-यादी आणली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या यादीचा पहिला मुद्दा कोणता आहे? भूल देण्याआधी रुग्णाने स्वतः आपले नाव, शस्त्रक्रियेची जागा, शस्त्रक्रिया कोणती आणि आपली संमती यांची खात्री करून द्यायची. शेवटच्या टप्प्यात, रुग्ण बाहेर नेण्याआधी, सिस्टरने हत्यारे, सुया आणि कापडाच्या घड्या मोजून आकडा जुळल्याचे मोठ्याने सांगायचे. या मोजणीचे मोल कळायला आपल्याला परदेशात जावे लागत नाही. जुलै १९६३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीनंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला. दुसऱ्यांदा पोट उघडले तेव्हा तो सापडला. पुढे काही दिवसांतच ती गेली. तिच्या पतीने, अच्युतराव खोडवा यांनी, राज्य सरकारवर दावा लावला. खालच्या न्यायालयात जिंकले, उच्च न्यायालयात हरले आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. पोटात टॉवेल राहणे हा निष्काळजीपणा आहे, हे ठरवायला या राज्यात तेहतीस वर्षे लागली. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येण्याआधी मोजणीला लागतात दोन मिनिटे.

संमतीपत्राची गोष्ट तर याहून विचित्र आहे. बहुतेक रुग्णालयांत दाखल होतानाच्या गडबडीत, पैसे भरण्याच्या खिडकीपाशी, इंग्रजीत छापलेल्या चार-पाच पानांवर सह्या घेतल्या जातात, आणि त्याही पुष्कळदा रुग्णाच्या नव्हे तर मुलाच्या, नवऱ्याच्या, कधी शेजाऱ्याच्या. शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईच्या गर्भाशयाबाबतचा निर्णय तिच्या नवऱ्याच्या सहीने होतो, हे आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही खटकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात या सवयीला थेट धक्का दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय तिच्या आईची संमती घेऊन काढून टाकले होते. तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही, आणि तातडीचा जीवघेणा प्रसंग नसताना रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असेल तर थांबलेच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्या बायकांना पर्याय कोणी, कोणत्या भाषेत समजावले होते, हा प्रश्न त्यानंतर किती रुग्णालयांनी स्वतःला विचारला असेल?

कागद सामान्य माणसाला दाखवू नये, त्याला तो कळणार नाही, तो गैरसमज करून घेईल, ही भाषा महाराष्ट्राला नवी नाही. कुलकर्ण्याच्या दप्तरात आपल्या शेताबद्दल काय लिहिले आहे हे कुणब्याला कळत नसे आणि त्या न कळण्यावरच दप्तराची सत्ता चालत असे. जोतीराव फुल्यांनी या व्यवहारावर जे कोरडे ओढले ते उगाच नव्हेत. आज त्याच कुणब्याचा नातू सातबारा मोबाइलवर उतरवून घेतो. त्यातल्या पीकपाहणीचा प्रत्येक रकाना त्याला कळतो असे नाही, पण आपल्या नावापुढे दुसऱ्याचे नाव चढले तर ते त्याला त्याच दिवशी दिसते. माहितीच्या अधिकाराची मागणी पुढे आली तेव्हाही अधिकारी निर्णय घ्यायला घाबरतील असेच सांगितले जात होते, तरी केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधी महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला आणि मंत्रालय काही बंद पडले नाही. रुग्णालयाच्या बाबतीत तर अधिकार मिळवायचाही राहिलेला नाही. केस पेपरची प्रत मागणाऱ्या रुग्णाला किंवा जवळच्या नातेवाइकाला गोपनीयतेचे कारण सांगून नकार देता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच रघुनाथ रहेजा प्रकरणात म्हटले. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या आणि मागणी आल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली रुग्णहक्कांची सनदही आली. अंमलबजावणी मात्र भिंतीवरच्या फलकापाशी थांबली.

रुग्णाने करायचे ते या हक्काचा रोजचा वापर आहे. डॉक्टरला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारण्याने संबंध बिघडतात आणि काही हाती लागत नाही. त्यापेक्षा दाखल होताना चालू औषधांची आणि पूर्वी ज्याचा त्रास झाला त्या औषधांची यादी स्वतःच्या हाताने लिहून केस पेपरला जोडायला सांगावी. नियोजित शस्त्रक्रियेआधी भूल कोण देणार, रक्ताची सोय आहे का, रात्री ड्युटीवर कोणत्या पॅथीचे डॉक्टर असतात आणि प्रकृती बिघडली तर कुठे हलवणार, हे चार प्रश्न शांतपणे विचारून उत्तरे लिहून ठेवावीत. आपल्याकडे रात्रपाळीच्या प्रश्नाला उत्तर देताना पुष्कळ मोठी रुग्णालये चाचरतात, म्हणून तो वगळू नये. औषधांच्या तक्त्याचा रोज फोटो घ्यावा, मेडिकलच्या बिलावरचा बॅच क्रमांक जपावा, संमतीपत्र मराठीत मागावे आणि रिकाम्या जागा असलेल्या कागदावर सही करू नये. संशयास्पद मृत्यू झाला तर शवविच्छेदनाला नकार देऊ नये. 'देहाची विटंबना नको' या भावनेपोटी नकार देणारे कुटुंब नंतर न्यायालयात बहुधा रिकाम्या हाताने उभे राहते. दावा करायचा तर ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर शुल्क लागत नाही, वकिलाची सक्तीही नाही. मात्र सगळ्यांनाच मोफत सेवा देणारी रुग्णालये सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालानुसार या कायद्याच्या बाहेर आहेत. म्हणजे सर्वांत गरीब रुग्णाला सर्वांत लांबचा रस्ता. म्हणूनच त्याच्यासाठी उपचारादरम्यानचा कागद अधिक मोलाचा.

यावर कोणी म्हणेल की 'जास्त शहाणपणा असेल तर पेशंट घेऊन जा' असे ऐकवले की हे सगळे प्रश्न घशातच राहतात. ते खरे आहे, आणि म्हणून हा भार रुग्णावर सोडून चालणार नाही. मागणीची वाट न पाहता दाखल रुग्णाला रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या नोंदीची प्रत, निदान आणि औषधे मराठीत लिहिलेली, मिळालीच पाहिजे, असा नियम राज्याने करावा आणि तो नांदेडच्या शासकीय वॉर्डापासून पुण्याच्या पंचतारांकित रुग्णालयापर्यंत सारखाच लागू करावा. सरकारी रुग्णालयांत यासाठी माणसे कमी पडतील, हा एकच आक्षेप मला गंभीर वाटतो. पण नोंद लिहायला माणूस नाही अशी स्थिती जिथे असते, तिथे उपचारालाही माणूस नसतो आणि ते उघड झालेले बरे. खासगी रुग्णालयाच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना महापालिकेच्या आरोग्य विभागाने किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांनी अग्निशमनाच्या दाखल्याबरोबर आणखी एक तक्ता मागावा: मागील काळात किती रुग्णांनी कागदपत्रे मागितली, किती जणांना ती किती तासांत दिली, आणि किती जणांना का दिली नाहीत. आणि हा तक्ता रुग्णालयाच्या दर्शनी भागात, दरपत्रकाच्या शेजारी लावायला सांगावा.